दिलेला, पण न पोचलेला मोबाइल

निवृत्त झाल्यापासून लग्नकार्यात कुणी ना कुणी शेजारी येऊन बसतं आणि विचारतं, "साहेब, तुमच्या नोकरीतली सगळ्यात जबर केस कोणती?" त्यांना खून हवा असतो, निदान एखादा दरोडा तरी. मी त्यांना मोबाइलच्या बिलाची केस सांगतो. लोक आधी हसतात. हसू देतो. त्या केसमध्ये कुणाला शिक्षा झाली नाही, वर्तमानपत्रात एक ओळ आली नाही, तरी ती आठवली की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

तेव्हा मी रायपूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. इकडे ठाण्याच्या प्रमुखाला टीआय म्हणतात. आमचं घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं, वडील रेल्वेत होते म्हणून आम्ही इथे वाढलो. त्यामुळे ठाण्यात कुणी मराठी माणूस आला की मुंशी, म्हणजे लिखापढी बघणारा आमचा हवालदार, त्याला सरळ माझ्या खोलीत पाठवायचा. त्याच्या मते मराठी माणूस तक्रार लांबण लावून सांगतो आणि ती ऐकायची शिक्षा मलाच व्हायला हवी.

संक्रांत होऊन दोनेक महिने झाले होते. सकाळची हजेरी आटोपून मी चहाचा कप हातात घेतला, तर चौबे कॉलनीत राहणाऱ्या एक काकू समोर येऊन बसल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. आयुष्यभर वॉर्डातल्या डॉक्टरांनाही धाकात ठेवलं असावं, असा आवाज.

"भाऊ, मले खोटारडी म्हणून राहिले ते लोक," त्यांनी सुरुवातच अशी केली.

"कोण म्हणतं, काकू?"

"मोबाइलवाले!"

हकीकत अशी. काकूंनी मोबाइल कंपनीकडूनच फोन घेतला होता, त्याचा विमाही काढला होता. विम्याचा हप्ता दर महिन्याच्या बिलात यायचा. गच्चीवर कपडे वाळत घालताना फोन खाली पडला आणि त्याचा चुरा झाला. विम्यामुळे कंपनीने दुसरा फोन पाठवला. अट एकच, नवा फोन ज्या खोक्यात आला त्याच खोक्यात जुना घालून परत द्यायचा. कंपनीच्या एजन्सीचा माणूस घरी आला, काकूंनी खोका त्याच्या हातात दिला, त्याने पिशवीत घालून सील केला, पावतीही दिली. पुढच्या बिलात मात्र नव्या फोनच्या किमतीएवढा आकार लागून आला. कारण लिहिलं होतं, जुने उपकरण परत मिळाले नाही.

काकूंनी ग्राहक सेवेला फोन लावला. तिथल्या पोरीने गोड आवाजात सांगितलं की मॅडम, सिस्टममध्ये फोन आलेला दिसत नाही. काकू म्हणाल्या, पावती आहे. ती म्हणाली, पावती खोका दिल्याची आहे, मॅडम, फोन दिल्याची नाही. काकूंनी तो आकार भरायला साफ नकार दिला. कंपनीने त्यांचा नंबर बंद केला.

"म्हंजे मी काय रिकामा डब्बा देल्ला त्याईले?" काकू टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "माह्या हातानं देल्ला मी फोन. पैशाचं सोडा हो. पण खोटारडी?"

मुंशी दारातूनच म्हणाला, "माताजी, यह तो कंज्यूमर फोरम का मामला है." त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. तरी मी काकूंचा अर्ज घेतला आणि रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या दैनंदिन नोंदवहीत, त्याची नोंद करायला लावली. त्याला कारण होतं. आदल्याच दिवशी अगदी अशाच गोष्टीची तक्रार दुसऱ्या बाजूने आली होती.

ती घेऊन आला होता त्या खोके गोळा करणाऱ्या एजन्सीचा मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, कानात फोनचं यंत्र, बोलता बोलता मध्येच दुसऱ्याशी बोलायची सवय. त्याचं म्हणणं असं की शहरातून परत येणारे बरेच फोन गोदामात पोचतच नाहीत, आणि जे पोचले नाहीत ते बहुतेक सगळे एकाच माणसाने गोळा केलेले आहेत. माणसाचं नावही त्याने दिलं. आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर 'अमानत में खयानत', विश्वासाने सोपवलेला माल लांबवणं. गुन्हा दाखल करा, आजच उचला, असा त्याचा आग्रह होता.

काकूंना खोका नेणाऱ्याचं नाव विचारलं. तोच माणूस निघाला.

"त्यानं नाही घेतला, भाऊ," काकू ताडकन म्हणाल्या. "तो पोट्टा चपला बाहेर काढून घरात आला होता. पाणी देल्लं तं बसून प्याला. असा माणूस चोरी करत नाही."

मी हसलो. नोकरीत मी चपला बाहेर काढून घरात शिरणारे चोरही पाहिले होते, आवाज होऊ नये म्हणून. पण काकूंना ते सांगितलं नाही.

पोलीस खात्यात खबरीशिवाय पान हलत नाही. त्या एजन्सीसमोर एकाची पानटपरी होती आणि तो माझा जुना मुखबिर. मुखबिर म्हणजे खबऱ्या. दुपारी तो मागच्या दाराने आला. म्हणाला, "साहब, मामला गड़बड़ है. गोळा करणारी पोरं गोदामात जायच्या आधी मागच्या चहाच्या ठेल्यावर बसतात. पिशवीला सील मारायच्या आधी खोके उघडतात, काहीतरी काढतात, आपसात वाटून घेतात आणि हसतात."

माझे कान टवकारले. "फोन काढतात?"

"ते दिसलं नाही, साहब. पाठ करून बसतात. पण एक बात पक्की. तुम्ही ज्याचं नाव घेताय ना, तो त्यांच्यात नसतो. तो गिऱ्हाइकाच्या दारातच सील मारतो आणि मग बाजूला बसून आपला डबा खातो."

खबर चांगली होती, पण जुळत नव्हती. खोके उघडणाऱ्यांचे फोन सुखरूप पोचत होते आणि न उघडणाऱ्याचे गायब होत होते. मी मॅनेजरने आणलेल्या कागदांवरून पुन्हा एकदा खात्री केली. खरंच तसं होतं. मुंशीचा तर्क तयार होता, "शातिर है साहब. अकेला खाता है, बांटता नहीं." तर्क वाईट नव्हता. मलाही तेव्हा दुसरा सुचत नव्हता.

त्या माणसाला चौकशीला बोलावलं. तिशीच्या आतबाहेरचा, अभनपूरजवळच्या एका गावाचा. त्याच्याबरोबर त्याचा बापही आला. म्हातारा गळ्यात गमछा टाकून बाहेरच्या बाकावर बसला, तो दिवसभर उठला नाही. मी जाता-येता त्याच्यासमोरून गेलो की उभा राहायचा आणि एकच वाक्य म्हणायचा, "मोर लइका चोर नोहय, साहब." माझा पोरगा चोर नाही. ते विनवणीसारखं नव्हतं, माहिती द्यावी तसं तो सांगत होता.

त्या माणसाचं काय पणाला लागलं होतं ते मला ठाऊक होतं. या धंद्यात एकदा अटक झाली की पुढे निर्दोष सुटला तरी कुठली एजन्सी दारात उभी करत नाही. आणि गावात तर पोलिसांच्या गाडीत बसलेला दिसला, तेवढंच पुरतं. पोराबाळांच्या सोयरिकीपर्यंत ते मागे येतं.

चौकशीत मी कधी आरडाओरडा केला नाही. मी माणसाला बसायला खुर्ची देतो आणि तेच ते प्रश्न वेगवेगळ्या क्रमाने विचारतो. खोटं बोलणाऱ्याला क्रम पाठ असतो, तो बदलला की अडखळतो. हा अडखळला नाही. कुठून खोका घेतला, कुठे सील मारला, गोदामात कुणाच्या हातात दिला, सगळं जसंच्या तसं. फक्त एका प्रश्नावर तो गप्प झाला.

"सील मारण्याआधी खोका उघडून बघायचा, असा नियम आहे ना?"

"हव, साहब." म्हणजे होय.

"बघतोस?"

"हव."

"मग त्यात काय होतं?"

"फोन था, साहब."

"फक्त फोन?"

त्याने मान खाली घातली. मी थांबलो. मुंशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू केस तिथेच संपली. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून मलाही कळत होतं की हा काहीतरी लपवतोय. पण लपवणारा माणूस आणि चोरी केलेला माणूस यांच्या गप्प बसण्यात फरक असतो. चोर स्वतःला सांभाळत गप्प बसतो. हा दुसऱ्या कुणाला तरी सांभाळत होता.

मॅनेजरने दोनदा फोन करून विचारलं, अटक झाली का. मी त्याला सांगितलं, होईल तेव्हा कळवू. आणि काकूंचा जबाब नीट घ्यायचा राहिला होता, म्हणून जीप घेऊन चौबे कॉलनीत गेलो.

काकूंनी चहा टाकला. मी ओट्याजवळच्या खुर्चीवर बसून विचारत होतो आणि त्या पातेल्यात चमचा फिरवत उत्तरं देत होत्या. फोन कुणी गुंडाळला? मी. कशात? आलेल्या त्याच खोक्यात. घरात दुसरं कोण होतं? कोणी नव्हतं. तेवढ्यात शेजारची सूनबाई दारात आली, छत्तीसगढी बाई होती. "दीदी, आमची वाटी राहिली होती." काकूंनी फळीवरची वाटी काढली, पुसली. मग बोलता बोलताच बरणीतून मूठभर गूळ-शेंगदाणे त्या वाटीत टाकले आणि ती तिच्या हातात दिली. दोघींपैकी कुणाचंही त्या मुठीकडे लक्ष नव्हतं. श्वास घ्यावा तसं ते झालं.

माझ्या आईने आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नाही. माझी बायको करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकते. हे मी रोज बघत आलो होतो, आणि म्हणूनच कधी बघितलं नव्हतं. माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

"काकू," मी विचारलं, "त्या मोबाइलच्या डब्यात तुम्ही काय टाकलं?"

"फोन."

"आणखी?"

असा कसा हा प्रश्न, असा काकूंचा चेहरा. "आणखी काय, तिळाचे लाडू. दोनच टाकले, बाप्पा. जास्त मावत नव्हते."

"काहून टाकले?"

"काहून म्हंजे? दुसऱ्याचा डब्बा होता तो. त्याईनं नवा फोन घालून पाठवला, अन् मी नुसता फुटका फोन घालून परत देऊ? तेही संक्रांतीच्या दिवसात?" मग जरा वरमून म्हणाल्या, "तो पोट्टा म्हणे, दीदी, हे नाही चालत. मी म्हटलं, राहू दे रे, कोणी तरी खाईन तिकडे."

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही फोनचं विचारून राहिले होते. लाडवाचं कुठं विचारलं?"

चहा तसाच ठेवून मी उठलो. ठाण्यावर आलो आणि त्या माणसासमोर बसलो. म्हटलं, "चौबे कॉलनीच्या खोक्यात तिळाचे लाडू होते."

त्याने डोळे मिटून घेतले. मग सगळं सांगितलं. लोक खोक्यात काही ना काही टाकतात. नियम असा की फोनशिवाय दुसरं काही घ्यायचं नाही, काढायला लावायचं. बाकीचे सोबती दारात काही बोलत नाहीत, ठेल्यावर जाऊन काढतात आणि खाऊन टाकतात. हा कुणाला ठामपणे नाही म्हणू शकत नव्हता, आणि काढतही नव्हता. जसं दिलं तसं सील मारायचा. हे सांगितलं असतं तर ठेल्यावरच्या पोरांची नोकरी गेली असती, म्हणून गप्प होता.

पोरं ठेल्यावर काय काढतात, हा मुखबिराच्या खबरीतला तिढा सुटला होता. पण फोन होते कुठे?

मॅनेजरला घेऊन आम्ही गोदामात गेलो. नवा रायपूरच्या रस्त्याला पत्र्याची मोठी शेड होती. मी त्याला एकच गोष्ट विचारली, "फोन आला नाही असं सिस्टम म्हणतं म्हणजे नेमकं काय होतं?" त्यालाही नीट माहीत नव्हतं. तिथल्या सुपरवायझरने दाखवलं. खोका पट्ट्यावरून जातो, यंत्र वजन करतं. ठरलेल्या वजनात बसला तर जमा. वजन जास्त भरलं तर यंत्र त्याला बाजूला लोटतं आणि नोंद होत नाही. मुदत संपली की बिलात आकार आपोआप लागतो.

"बाजूला लोटलेले खोके कुठे जातात?"

"जाली में, सर."

शेडच्या टोकाला लोखंडी जाळीचा पिंजरा होता. आत खोकेच खोके, एकावर एक. उघडायचे नाहीत असा आदेश होता, आत काय असेल कुणास ठाऊक, बॅटरी असेल, स्फोटक असेल. मुख्य कार्यालयाला विचारणा गेली होती, उत्तर आलं नव्हतं. उत्तर येईपर्यंत कुणी त्या कोपऱ्यात फिरकत नव्हतं.

मी दोन पंच बोलावले, पंचनामा सुरू केला आणि पहिला खोका उघडला. काकूंचाच होता. फुटका फोन, त्याला लागून मेणकागदात दोन लाडू. मॅनेजरने नाकाला रुमाल लावला.

दुसरा उघडला. फोन, आणि कागदाच्या पुडीत तांदूळ. तिसऱ्यात सुपारी आणि हळकुंड. एकात चिवडा, एकात सुकून बोराएवढा झालेला पेरू. एका खोक्यात नव्या धानाची मूठ होती. संक्रांतीच्या दिवसांत इकडे छेरछेराचा सण असतो, दारात आलेल्याला धान घातल्याशिवाय पाठवत नाहीत. दारात आला होता खोका, तर खोक्याला घातलं. एका फोनच्या फुटक्या काचेवर हळद-कुंकू लावलेलं होतं. इतके दिवस सेवा केली, म्हणून निरोप देताना लावलं असणार. पंचनामा लिहिताना मुंशी प्रत्येक वस्तू मोठ्याने उच्चारायचा, तशी पद्धतच आहे. हळूहळू त्याचा आवाज खाली आला. तो वाचत होता ते एखाद्या देवळातल्या नैवेद्याच्या ताटासारखं वाटत होतं. मॅनेजरने रुमाल कधी खिशात घातला ते मला दिसलं नाही.

मी तिथे उभा राहिलो आणि खरं सांगतो, थक्क झालो. या लोकांची एकमेकांशी ओळख नव्हती. कुणी मराठी, कुणी छत्तीसगढी, कुणी ओडिया. खोका कुणाकडे जाणार ते त्यांना माहीत नव्हतं. पलीकडे माणूस आहे की यंत्र, तेही माहीत नव्हतं. पण हात रिकामा पुढे करवला नाही. ज्या कंपनीने त्यांना खोटं ठरवून त्यांचे नंबर बंद केले, त्याच कंपनीला त्यांनी घरातला घास पाठवला होता. आयुष्यभर मी माणसांची घरं झडती घेण्यासाठी उलथीपालथी केली. लोक काय लपवतात ते मला पाठ होतं. लोक काय देतात ते मी त्या पिंजऱ्यात पहिल्यांदा असं ढिगाने पाहिलं.

सगळे फोन होते. एकही गेला नव्हता.

काकूंसकट सगळ्यांचे आकार रद्द झाले, नंबर सुरू झाले. मॅनेजरने तक्रार लेखी मागे घेतली आणि त्या माणसाला कामावर ठेवल्याचं पत्र माझ्यासमोर लिहून दिलं. ठेल्यावरच्या पोरांचं नाव माझ्या कुठल्याच कागदात आलं नाही. लाडू खाणं हा काही दखलपात्र गुन्हा नाही.

त्याला सोडायच्या आधी मी खोलीत बोलावलं. बापही आत आला. मी म्हटलं, "जा, तुझ्यावर काही नाही. पण एक सांग, मला ते समजून घ्यायचंय. बाकीचे काढून खात होते. ते काही फोन नव्हते, साधे लाडू होते. कुणाला कळलं नसतं. तू काढले असते तर तुझे खोकेही वजनात बसले असते आणि हे काहीच झालं नसतं. का नाही काढले?"

माझा प्रश्नच त्याला कळेना. मग म्हणाला, "वो ह मोला थोड़े दे रिहिस, साहब. डब्बा ला दे रिहिस."

तिने मला कुठे दिलं होतं, साहेब. डब्याला दिलं होतं.

म्हाताऱ्याने त्यात काही विशेष ऐकलं असं दिसलं नाही. त्याने गमछा झटकून खांद्यावर टाकला, मला नमस्कार केला आणि मुलाला म्हणाला, "चल बेटा, बस छूट जाही." आणि दोघं निघून गेले.

पोलिसाला शिकवतात की प्रत्येक माणसात एक गुन्हेगार असू शकतो, नजर उघडी ठेव. ते खरंच आहे, आणि नोकरीत असेपर्यंत मी तसाच वागलो. पण त्या दिवशी मला कळलं की ती नजर अर्धीच असते. कुणी बघत नसताना, कुणाला कळणार नसताना, एक माणूस दोन लाडवांना हात लावत नाही, कारण ते त्याचे नाहीत. आणि त्यासाठी तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊनही त्यात आपण काही मोठं केलं, असं त्याला वाटत नाही. अशा माणसाला पकडायला कलमं पुष्कळ आहेत. ओळखायला एकही नाही. ते आपल्यालाच शिकावं लागतं.